ओळखीशिवाय राहता येणारे शहर

राहण्यायोग्य शहरांच्या जागतिक याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि त्यांत आपले शहर कुठे आहे, याचा शोध लगेच सुरू होतो. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ची यादी स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच कसोट्यांवर १७३ शहरांना गुण देते. ‘मर्सर’ची यादी तर परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांना किती भत्ता द्यावा, हे कंपन्यांना ठरवता यावे म्हणून वापरली जाते. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये १११ शहरांचा राहणीमानाचा निर्देशांक जाहीर केला होता आणि त्यात पुण्याचा पहिला क्रमांक आला होता. या याद्या टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. पाणी, दवाखाने, रस्ते मोजलेच पाहिजेत. मात्र सरासरी काढताना सुस्थितीतला रहिवासी आणि कालच स्टेशनवर उतरलेला माणूस एकाच आकड्यात मिसळून जातात, आणि माझ्या मते खरा प्रश्न त्या दुसऱ्या माणसाचाच आहे.

ज्याचे या शहरात कोणी नातेवाईक नाही, ज्याच्या फोनमध्ये नगरसेवकाचा किंवा त्याच्या कार्यकर्त्याचा नंबर नाही, ज्याची बोली इथल्या बोलीपेक्षा वेगळी आहे, त्याला राहायला खोली, रेशनचे धान्य, आजारपणात डॉक्टर आणि कामावर जायला बस या गोष्टी कोणी मध्ये शब्द न टाकता मिळतात का? लहान गावात सगळे एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात, त्यामुळे तिथे ओळखीवर चालणारा कारभार निदान सर्वांना थोडाफार परवडतो. अनेक प्रांतांतून, अनेक भाषा आणि धर्म घेऊन माणसे जिथे येतात, त्या शहरात मात्र तोच कारभार माणसामाणसांत सर्वांत मोठा भेद निर्माण करतो. नाशिकमध्ये ज्याची ओळख आहे तो फार सुखाने राहतो. हवा चांगली, पाणी गंगापूर धरणाचे, मुंबई-पुणे हाकेच्या अंतरावर. ज्याची ओळख नाही, त्याचे नाशिक वेगळे आहे.

नाशिकला बहुभाषिक शहर म्हटले की काही जणांना आश्चर्य वाटते, कारण मनात चित्र असते ते रामकुंडाचे आणि पंचवटीतल्या वाड्यांचे. प्रत्यक्षात गेल्या शंभर-दीडशे वर्षांत हे शहर बाहेरून आलेल्यांनीच वाढवले आहे. इंग्रजांच्या काळात नाशिकरोडला नोटांचे आणि मुद्रांकांचे छापखाने आले, देवळालीत लष्कर आले, फाळणीनंतर सिंधी कुटुंबे देवळालीच्या छावणीत उतरली, साठच्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना सुरू झाला, आणि मग सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून माणसे ओढून घेतली. महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ भरली. माझे वडील खानदेशातल्या साक्री तालुक्यातून येऊन सातपूरच्या एका कारखान्यात लागले आणि पुढे सिडकोच्या वसाहतीत घर मिळाले, म्हणजे मीही त्या आलेल्यांपैकीच आहे. आमच्या गल्लीत आजही श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर अहिराणी गाणी चालतात, आणि शेजारच्या मल्याळी परिचारिका त्या दिवशी आवर्जून येऊन बसतात. सिडकोतल्या अनेक गल्ल्या खानदेशाच्याच वाटतात. आमच्या आधीच्यांनी आम्हाला सामावून घेतले म्हणून हे शक्य झाले, याचे भान मला कायम असते.

यापेक्षा फार जुनी गोष्ट शहराजवळच्या पांडवलेण्यांत कोरलेली आहे. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे शिलालेख आहेत. हा क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई, स्वतः शक, म्हणजे आजच्या भाषेत परप्रांतीयच. त्याने भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) या ठिकाणी उतरण्यासाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली, आणि तापीसह अनेक नद्यांवर लोकांना पैसे न देता पार होता यावे म्हणून नावा ठेवल्या, असे त्या लेखात नोंदले आहे. त्यातले गोवर्धन म्हणजे आपल्या शेजारचे गाव. शेजारच्या १७ क्रमांकाच्या लेण्याचा दाता तर उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरातून आलेला यवन, म्हणजे ग्रीक, इंद्राग्निदत्त आहे.

मला त्या लेखातला हिशेब सर्वांत जास्त भावतो. लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण (त्या काळची नाणी) चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, मिळावेत म्हणून उषवदाताने गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस, म्हणजे वीस गुणिले बारा, अगदी चोख. आणखी एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण टक्क्याने ठेवले, आणि हे मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे स्पष्ट कोरून ठेवले. लेणे खोदून दानशूरपणा संपला असे त्याने मानले नाही. तिथे राहायला येणाऱ्या अनोळखी माणसाचा दरवर्षीचा खर्च कुठून निघेल, याची सोय त्याने आधीच करून ठेवली. आपल्याकडे आज इमारतीचे उद्घाटन थाटात होते आणि पुढच्या वर्षीपासून नळाच्या तोट्या, बल्ब, सफाई कामगारांचा पगार यांसाठी तरतूदच नसते. सार्वजनिक सोयीची अशी आबाळ झाली की ऐपत असलेला माणूस खासगी सोयीकडे वळतो आणि उरतो तो ज्याला दुसरा मार्ग नाही असा.

सामावून घेण्याचाच इतिहास सांगितला तर तो अर्धवट होईल. शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीत एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत होती, डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे शव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट याच शाळेचा विद्यार्थी. इतक्या दूरच्या मुलांना ज्या शहराने आसरा दिला, त्याच शहरात काळाराम मंदिराचे दरवाजे इथल्याच माणसांना बंद होते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे चालवला, आणि तरीही दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातल्या येवल्यात झाली, ती या अनुभवानंतर. शहरात विविध लोक असणे आणि शहरातल्या सामाईक जागा सर्वांच्या असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नाशिकला जितके ठाऊक असायला हवे तितके दुसऱ्या फार थोड्या शहरांना.

आज राज्यघटनेचे १५ वे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही असे सांगते. या यादीत भाड्याचे घर नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. त्यामुळे आज शहरी माणसाला सर्वांत जास्त जिव्हारी लागणारा भेदभाव जिथे घडतो, तिथेच कायदा तोकडा पडतो.

माझ्या खात्यात मालेगावहून आलेला एक तरुण अभियंता आहे. लग्न ठरल्यावर त्याने दोन खोल्यांचे घर शोधायला घेतले आणि मी काही ठिकाणी त्याच्याबरोबर गेलो. फोनवर एजंटशी सगळे बोलणे व्हायचे: पगार किती, डिपॉझिट किती, पार्किंग कुठे. मग एजंट पूर्ण नाव विचारायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, ‘थांबा, मालकांना विचारून सांगतो.’ ते घर त्यानंतर कधीच रिकामे नसायचे. एका ठिकाणी मालक स्वतः चांगले बोलले, चहा दिला, आणि म्हणाले, ‘माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटी ना हरकत दाखला देणार नाही.’ वास्तविक महाराष्ट्रात सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीच्या परवानगीची गरज नाही. मालकाने सोसायटीला कळवायचे, नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, एवढेच अपेक्षित आहे. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. मी हे त्या मालकांना सांगितले. त्यांना ते माहीत होते. ‘तुम्ही म्हणता ते कागदावर बरोबर आहे,’ ते म्हणाले, ‘पण मला तिथे रोज उठून तोंड दाखवायचे आहे.’

त्या वाक्याचा मला राग आला नाही, कारण ते खरे होते. माणसे एकेकटी बहुतेक वेळा वाईट नसतात. शेजारी काय म्हणेल या धाकाने ती वाईट वागतात, आणि प्रत्येक शेजाऱ्यालाही तोच धाक असतो. म्हणूनच हा प्रश्न चांगुलपणाच्या आवाहनांनी सुटणार नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूचा धर्म, जात, आहार किंवा वैवाहिक स्थिती विचारली जाणार नाही असा ठराव आधीच झालेला असेल, तर घरमालकाला बोट दाखवायला कागद मिळतो आणि त्याचे तोंड दाखवणे सोपे होते. आमच्या सोसायटीत आम्ही असा ठराव मांडला तेव्हा चर्चा लांबली, आवाज चढले, आणि शेवटी तो बहुमताने मंजूर झाला. ज्यांनी विरोधात मत दिले त्यांच्यापैकी काहींशी आजही माझे जाणे-येणे आहे. त्यांचे मत मला पटत नाही, पण ते सभेत उघडपणे बोलले याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

उत्तमनगरमध्ये एक आजी मागच्या दोन खोल्या भाड्याने देतात. त्यांच्याकडे लातूरची मुले राहून गेली, ओडिशाचे वेल्डर राहून गेले, सध्या गोरखपूरचे एक कुटुंब आहे. नवा भाडेकरू आला की आजी त्याला दोनच गोष्टी विचारतात: ‘पाळी कोणती?’ आणि ‘पगार किती तारखेला होतो?’ पाळी अशासाठी की नळाला पाणी सकाळीच येते आणि पहिल्या पाळीचा माणूस सहाला बाहेर पडला तर त्याचा हंडा कोणी भरायचा, हे आधी ठरलेले बरे. तारीख अशासाठी की भाडे त्यानंतर मागायचे, आधी मागून त्याला अवघडल्यासारखे करायचे नाही. भाडेकरूबद्दल घरमालकाला जे जाणून घेण्याची खरोखर गरज असते ते सगळे या दोन प्रश्नांत आले.

घराखालोखाल धान्य. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही योजना २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०२२ च्या जूनपर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य आता बिहारचे कार्ड असलेल्या माणसाला नाशिकच्या दुकानातही घेता येते, आणि त्याच्या घरचे लोक आपला वाटा गावी घेऊ शकतात. माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांत शहरांच्या जीवनमानात झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, उड्डाणपुलांपेक्षा कितीतरी मोठी, कारण तिने परक्या शहरातल्या माणसाला दुकानदाराच्या मर्जीतून सोडवले. तरी गाडी अडते ती अंगठ्यावर. अंबडच्या एका दुकानात मी एका बाईंना पाहिले. त्या बांधकामावर सिमेंट कालवायचे काम करत आणि त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मशीन प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवी. दुकानदाराने ‘ताई, पदराला पुसून पुन्हा ठेवा’ असे सांगितले, मग दुसरे बोट, मग दुसऱ्या हाताचे. रांगेतल्या कोणीतरी खोबरेल तेल लावायला सुचवले. शेवटी करंगळी जुळली. त्या दुकानदाराने कंटाळा केला नाही म्हणून बाईंना धान्य मिळाले; उद्या तिथे उतावळा माणूस बसला तर त्या रिकाम्या पिशवीने परततील. अंगठा न जुळल्यास करायच्या पर्यायी सोयीची माहिती प्रत्येक दुकानात मराठीबरोबर हिंदीतही ठळकपणे लावलेली असली, तर ही सोय दुकानदाराच्या स्वभावावर अवलंबून राहणार नाही.

भाषेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. इथे राहायला आलेल्याने मराठी शिकावी, आणि शिकता यावी अशी व्यवस्था शहराने करावी. दुसरी गोष्ट केल्याशिवाय पहिलीची सक्ती करणे अन्याय आहे. महापालिकेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात. तिथे कामगारांसाठी मराठीचे वर्ग घेता येतील. सार्वजनिक वाचनालय ही १८४० पासून चालत आलेली नाशिकची संस्था आहे, आणि ज्या शहराला असा वारसा आहे त्याने वस्तीवस्तीत छोटी वाचनालये काढणे अवघड मानू नये. टोरांटोत जवळपास निम्मे रहिवासी कॅनडाबाहेर जन्मलेले आहेत आणि तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शंभर शाखा आहेत, जिथे नवागत स्वतःच्या भाषेतले पुस्तकही वाचतो आणि देशाची भाषाही शिकतो. इतके पैसे आपल्याकडे नाहीत हे मला समजते. पण सिडकोत, सातपूरला, पेठ रोडला एकेक खोली, दोन बाकडी, वर्तमानपत्रे आणि एक पगारी माणूस एवढे तर जमेल.

रात्रीच्या बसबद्दलही बोलले पाहिजे. शहर बससेवा २०२१ च्या जुलैपासून महापालिकेकडे आली आणि ती आधीपेक्षा पुष्कळ सुधारली. पण वेळापत्रक दिवसाच्या शहराचे आहे. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, आणि त्या वेळी अंबडहून पंचवटीला किंवा पेठ रोडला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला एक तर रिक्षाला दिवसाच्या मजुरीतला मोठा वाटा द्यावा लागतो किंवा अंधारातून चालत जावे लागते. बायकांना तर दुसऱ्या पाळीची नोकरी त्यामुळेच सोडावी लागते. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. ती मेट्रो अजून धावलेली नाही. तोवर पाळ्या सुटण्याच्या वेळेला मोजक्या मार्गांवर बस सोडण्याइतके काम तर तातडीने करता येईल.

याउलट घंटागाडी पाहा. ती गंगापूर रोडच्या बंगल्यासमोर थांबते आणि सिडकोच्या चाळवजा घरासमोरही थांबते. कचरा देणाऱ्याला ती नाव विचारत नाही. गोदेचा घाटही तसाच. छठपूजेला उत्तर भारतीय बायका गुडघाभर पाण्यात सूप घेऊन उभ्या राहतात, तेव्हा घाटावरचे नाशिककर त्यांना वाट करून देतात आणि अर्घ्य होईपर्यंत थांबतात. सर्वांच्या जागा अशा सहज सर्वांच्या असतात तेव्हा ओळख आपोआप होते.

सध्या शहरात २०२७ च्या कुंभमेळ्याची तयारी चालू आहे. तपोवनातली झाडे साधुग्रामासाठी तोडण्याला नागरिकांनी विरोध केला तो योग्यच होता. झाडांची सावली ज्याच्याकडे गच्ची नाही, बाग नाही त्याच्या सर्वांत जास्त उपयोगाची असते. मला काळजी आणखी एका गोष्टीची आहे. या सगळ्या रस्त्यांवर, पुलांवर आणि घाटांवर काम करणारे मजूर पेठ, सुरगाणा, हरसूलपासून झारखंडपर्यंतचे आहेत. सकाळी मजूर नाक्यावर ते डबा घेऊन उभे राहतात आणि अनेकांची रात्र ताडपत्रीखाली जाते. साधूंसाठी आणि भाविकांसाठी नळ, शौचालये, दिवे, दवाखाने उभे करण्याची महापालिकेची क्षमता २०१५ च्या कुंभात सगळ्यांनी पाहिली आहे. त्यातला काही भाग कायमचा बांधावा, मजूर नाक्यांजवळ माफक भाड्याची निवासगृहे आणि स्नानगृहे म्हणून, आणि त्यांचा दरवर्षीचा खर्च कुठून निघेल याची तरतूद त्याच आराखड्यात, बांधकामाच्या आधी करावी. ही मागणी मी आमच्या प्रभागाच्या कार्यालयात लेखी दिली आहे. आपापल्या प्रभागात ती आणखी कोणी दिली, तर तिचा विचार होण्याची शक्यता वाढेल.